विश्लेषण : ‘स्टेनलेस’ स्टीलही समुद्रात का गंजते? शिडाच्या नौकेवरची चकाकी परत कशी आणतात?

पावसाळा ओसरला की मुंबई आणि गोव्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या शिडाच्या नौका पुन्हा पाण्यात उतरवण्याची लगबग सुरू होते. चार महिने झाकून ठेवलेल्या नौकेवरची ताडपत्री काढली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते तपकिरी ओघळ. कठड्यांवर, बोल्टच्या डोक्यांभोवती, वेल्डिंगच्या जोडांपाशी, पांढऱ्याशुभ्र डेकवर उतरलेले. ‘स्टेनलेस’ म्हणून चढ्या भावाने घेतलेले सामान गंजले कसे, दुकानदाराने फसवले का, असा प्रश्न नवख्या मालकाला पडतो. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. दुसरा प्रश्न मात्र त्याहून महत्त्वाचा आहे. हे डाग घासून स्टील आरशासारखे चकचकीत केले की नौका सुरक्षित झाली का? त्याचे उत्तर डाग नेमका कुठून आला आहे, यावर अवलंबून असते.

नौकेवर हे स्टील असते तरी कुठे?

आजच्या शिडाच्या नौकेचे अंग बहुधा फायबरग्लासचे आणि डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची असते. पण या दोघांना एकत्र धरून ठेवणारे जवळपास सगळे सामान स्टेनलेस स्टीलचे. डेकच्या कडेचे कठडे, दोर बांधायचे क्लीट, शिडाला दोर जोडणारे शॅकल, नांगराचा रोलर, पाण्यात उतरायची शिडी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोलकाठीचे तणावे. मंडपाचा खांब जसा चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांवर उभा राहतो, तशीच डोलकाठी स्टीलच्या तारांवर उभी असते. प्रत्येक तणाव्याच्या खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा टर्नबकल असतो, त्याखाली एक पिन, आणि ती पिन ज्या जाड पट्टीत अडकते तिला चेनप्लेट म्हणतात. अनेक नौकांत ही पट्टी डेकमधल्या खाचेतून खाली उतरते आणि आतल्या भिंतीला किंवा नौकेच्या अंगाला बोल्टने आवळलेली असते.

या सामानावर ताण किती येतो? तणाव्यासाठी वापरली जाणारी १९ तारांची, ६ मिलिमीटर जाडीची स्टीलची दोरी जवळपास तीन टन ताणाला तुटते. म्हणजे नवी असताना तिला तीन छोट्या मोटारी टांगता येतील. वाऱ्याचा झोत आला की शिडावरचा सगळा जोर या तारेतून करंगळीएवढ्या पिनेवर आणि तिथून चेनप्लेटवर येतो. यातला एक दुवा तुटला, तर डोलकाठीला त्या बाजूने धरणारे काही उरत नाही.

भर समुद्रात डोलकाठी कोसळणे म्हणजे काय, हे भारतीय वाचकांनी २०१८ मध्ये बातम्यांतून पाहिले आहे. गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ ही नौका हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडून उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. त्या दुर्घटनेचे कारण वादळ होते, गंज नव्हे. पण गंजलेली चेनप्लेट असेल तर एवढ्या वादळाची गरज लागत नाही. साध्या वाऱ्याच्या दिवशीही तोच प्रसंग येऊ शकतो.

‘स्टेनलेस’ असूनही डाग का पडतात?

साधे लोखंड गंजते तेव्हा तयार होणारा लाल गंज भुसभुशीत असतो. तो सुटून पडतो, आतले नवे लोखंड उघडे पडते आणि गंज चालूच राहतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतला ऑक्सिजन लागताच हे क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार करते. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या हजारो पटींनी कमी. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण तो घट्ट चिकटलेला असतो आणि मुख्य म्हणजे ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच आपोआप पुन्हा तयार होतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधताना क्रोमियमयुक्त स्टील तयार केले. पुढे त्याच शहरात त्याचे सुरी-काटे झाले आणि तिथून ते जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचले.

म्हणजे स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारी गोष्ट ऑक्सिजन आहे. एरवी आपण ऑक्सिजनला गंजाचे कारण समजतो. इंजिनीअरिंगच्या मटेरियल सायन्सच्या तासाला हे ऐकून अनेकांनी वहीत लिहून घेतलेले असते आणि परीक्षा संपली की विसरलेले असते. नौकेच्या बाबतीत मात्र सगळे यावरच उभे आहे. त्यामुळे पुढे वाचताना एवढे लक्षात ठेवा : जिथे ऑक्सिजन पोहोचतो, तिथे हे स्टील स्वतःची काळजी घेते. जिथे पोहोचत नाही, तिथे ते साध्या लोखंडासारखे वागू लागते.

या पापुद्र्याचा शत्रू म्हणजे क्लोराइड. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला मोठा वाटा साध्या मिठाचा. लाटांचे तुषार स्टीलवर पडतात, उन्हात पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. हे मीठ रात्रीच्या दमट हवेतले पाणी ओढून घेते. त्यामुळे पृष्ठभागावर समुद्रापेक्षाही खारट असा ओलसर थर बसतो. स्टीलमध्ये जिथे मँगेनीज सल्फाइडचे बारीक कण असतात, जिथे ओरखडे असतात, जिथे वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियम कमी झालेले असते, अशा कमकुवत जागी क्लोराइड पापुद्रा फोडते. या पहिल्या पायरीवर दिसणारे तपकिरी डाग कपात वाळलेल्या चहासारखे दिसतात, म्हणून ऑस्ट्रेलियात त्यांना ‘चहाचे डाग’ असेच नाव पडले आहे. हे बहुतांशी वरवरचे असतात. दिसायला वाईट, पण बळ कमी करणारे नव्हेत.

गंमत अशी की, हे डाग जिथे पाऊस थेट लागतो तिथे कमी आणि जिथे आडोसा असतो तिथे जास्त दिसतात. कठड्याच्या नळीचा वरचा भाग स्वच्छ आणि पोटाचा भाग तपकिरी, हे दृश्य किनाऱ्यावरच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशातले मीठ तसेच राहते.

३०४ की ३१६, हे कसे ओळखायचे?

स्टेनलेस स्टील हे एकच स्टील नाही. घरातल्या चांगल्या भांड्यांचे आणि सिंकचे स्टील बहुधा ३०४ प्रतीचे, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ प्रतीत निकेल थोडे जास्त आणि शिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. क्लोराइडला तोंड देण्याची ताकद या मॉलिब्डेनममुळे वाढते, म्हणून नौकांसाठी ३१६ वापरतात. वेल्डिंग करायचे असेल तर कमी कार्बनचे ३१६-एल. भारतात स्वस्त भांडी आणि रेलिंगसाठी निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले २०० मालिकेतले स्टीलही भरपूर खपते. नवे असताना तेही तितकेच चमकते, पण खाऱ्या हवेत त्याचा टिकाव लागत नाही.

लोहचुंबक चिकटला तर नकली, न चिकटला तर अस्सल, ही बाजारातली परीक्षा इथे कुचकामी आहे. २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि ३०४ वाकवताना किंवा ठोकताना त्यात थोडी चुंबकशक्ती येऊ शकते. मॉलिब्डेनम आहे का, हे सांगणारे थेंब मिळतात. ते टाकून रंग बदलतो का पाहणे, हा खात्रीचा मार्ग. बोल्टच्या बाबतीत काम सोपे आहे. डोक्यावर ‘ए-२’ असा शिक्का असेल तर ३०४ च्या कुळातले, ‘ए-४’ असेल तर ३१६ च्या. आणखी एक प्रत आहे ३०३. लेथवर सहज कापले जावे म्हणून तिच्यात मुद्दाम गंधक वाढवलेले असते. बारीक आटे असलेले सुबक बोल्ट किंवा मुठी तिच्या असतील, तर समुद्रावर त्या सर्वांत आधी गंजतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळल्यानंतर, तो उभारताना स्टेनलेस स्टील वापरले असते तर पडला नसता, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी म्हणाले होते. पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने कोसळण्याच्या काही दिवस आधी नौदलाला पाठवले होते. किनाऱ्यावर साध्या लोखंडापेक्षा स्टेनलेस केव्हाही बरे, याबद्दल वाद नाही. पण ‘स्टेनलेस वापरले की विषय संपला’ असा अर्थ त्यातून काढला, तर तो चुकीचा ठरेल. कोणत्या प्रतीचे, कुठे, कसे बसवलेले आणि कोण तपासते, हे प्रश्न उरतातच. नौकेवर तर ३१६ सुद्धा कायम खाऱ्या पाण्यात बुडून राहण्यासाठी पुरेसे मानले जात नाही.

खरा धोका कुठे असतो?

जिथे पॉलिशचे चाक पोहोचत नाही तिथे.

चेनप्लेट डेकच्या खाचेतून खाली जाते, तिथे पाणी गळू नये म्हणून भोवती सीलंट भरलेले असते. तणाव्याचा ताण बदलत राहतो, पट्टी सूतभर हलते आणि काही वर्षांत सीलंट स्टीलपासून सुटतो. त्या केसाएवढ्या फटीत खारे पाणी शिरते आणि तिथेच थांबते. आतला ऑक्सिजन काही काळात संपतो, नवा आत येत नाही, त्यामुळे फुटलेला पापुद्रा पुन्हा तयार होऊ शकत नाही. पुढची साखळी जास्त वाईट आहे. विरघळणाऱ्या धातूचे आयन बाहेरच्या पाण्यातले क्लोराइड आत खेचतात, आतले पाणी आम्लधर्मी होत जाते, इतके की ते लिंबाच्या रसाच्या जवळपास पोहोचते. आम्ल आणि क्लोराइड दोन्ही एकत्र आल्यावर गंज स्वतःच्या बळावर वेग घेतो. बाहेर हवेत असलेला त्याच पट्टीचा भाग मात्र आरशासारखा चमकत राहतो.

याला फटीतला गंज म्हणतात आणि तो खड्ड्यांवर थांबत नाही. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो. प्रत्येक लाटेला ताण वाढतो, उतरतो, पुन्हा वाढतो. त्यातून केसासारखी चीर सुरू होते आणि पट्टीच्या रुंदीत आडवी सरकत जाते. अशी तुटलेली चेनप्लेट पाहिली तर तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळा किंवा तपकिरी आणि उरलेला थोडा भाग ताजा, चमकदार दिसतो. तेवढ्या ताज्या भागावरच डोलकाठी उभी होती, असा त्याचा अर्थ.

तारांच्या टोकांचेही तसेच. दोरीचे टोक एका नळीत घालून यंत्राने दाबून बसवलेले असते. खालच्या टोकाची नळी कपासारखी वर तोंड करून असते. पाऊस आणि तुषार तारेवरून ओघळत तिच्यात साचतात. म्हणून अनुभवी माणूस तणावे तपासताना वरच्या टोकाआधी खालचे टोक पाहतो. तिथे तपकिरी ओघळ, नळीवर उभी चीर किंवा एखादी सुटलेली तार दिसली, तर ती दोरी पॉलिश करायची नसते, बदलायची असते.

चमकणारे स्टेनलेस स्टील आतून कसे दगा देते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण समुद्रापासून दूर स्वित्झर्लंडमध्ये घडले. उस्टर गावातल्या जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना टांगलेले होते. ९ मे १९८५ रोजी ते कोसळले आणि १२ जणांचा जीव गेला. इमारत जेमतेम १३ वर्षांची होती. तलावाच्या हवेतले क्लोरीनचे संयुग आणि सळ्यांवरचा कायमचा ताण, या दोन्हींनी मिळून सळ्यांमध्ये आतवर चिरा पाडल्या होत्या. छताच्या वर दडलेल्या त्या सळ्या कुणाच्या नजरेला पडणाऱ्या नव्हत्या. नौकेतल्या चेनप्लेटची जागाही अशीच असते, कपाटाच्या मागे, फळीच्या आड.

मग पॉलिश करायचे तरी कशासाठी?

केवळ शोभेसाठी नव्हे. खडबडीत पृष्ठभागाच्या चरांमध्ये मीठ आणि ओल अडकते, गुळगुळीत पृष्ठभागावरून ती निसटते. किनाऱ्याजवळच्या कामांसाठी ऑस्ट्रेलियातल्या स्टेनलेस स्टील उद्योगाच्या संघटनेने पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस केली आहे. एकाच ३१६ स्टीलचे दोन खांब, एक आरशासारखा आणि दुसरा खरखरीत पट्ट्याने घासलेला, शेजारी उभे केले तर दुसऱ्यावर डाग आधी येतात. तेव्हा चांगले पॉलिश हे स्वतःच एक संरक्षण आहे.

पण घासायला बसण्याआधी फोन काढा आणि प्रत्येक डागाचा जवळून फोटो घ्या. डाग हाच पुरावा असतो आणि पॉलिश केले की तो पुसला जातो. मोकळ्या पृष्ठभागावर धुळीसारखा पसरलेला डाग बहुधा वरवरचा. पण बोल्टच्या डोक्याखालून, पट्टी डेकमध्ये शिरते तिथून किंवा वेल्डच्या कडेपासून सुरू होणारी एकच रेघ असेल, तर गंज आत आहे आणि बाहेर आलेला आहे तो फक्त ओघळ. स्वच्छ केल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याच ठिकाणी रेघ परतली, तर शंका उरत नाही. तो भाग खोलावाच लागतो.

कामाची रीत कशी असते?

आधी साबण आणि भरपूर गोडे पाणी. मीठ आणि वाळू अंगावर असताना घासले, तर आपणच ओरखडे पाडतो.

मग गंज रासायनिक पद्धतीने काढायचा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेली पावडर किंवा पेस्ट ओल्या नायलॉनच्या घासणीने हलक्या हाताने लावायची, काही मिनिटे ठेवायची, धुवायची. हे आम्ल गंजाला विरघळवते आणि खालच्या स्टीलला फारसे छेडत नाही. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि भांडी घासायच्या कोपऱ्यात ते ठेवू नये. वरवरच्या डागांचे काम बऱ्याचदा इथेच संपते. उगाच पुढे जाऊन धातू झिजवण्यात अर्थ नाही.

ओरखडे किंवा बारीक खड्डे असतील तरच पॉलिश पेपर. २४० नंबरने सुरुवात, मग ४००, मग ६००, पाणी लावून. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे चर पूर्ण गेले की नाही ते लगेच दिसते. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. २४० चे चर राहिले असताना बफिंगला गेले, तर चकचकीत पृष्ठभागाखाली ते चर भुतासारखे उमटतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

त्यानंतर बफिंग. आधी काथ्यासारख्या सिसलच्या कडक चाकावर कापणारी वडी लावून, मग सुती कापडाच्या मऊ चाकावर बारीक वडी लावून. दोन वड्यांसाठी दोन चाके वेगळी, नाही तर जाड वडीचे कण शेवटच्या हातात येऊन ओरखडे पाडतात. एकाच जागी चाक दाबून धरले की स्टील तापते आणि त्यावर पिवळसर, निळसर झाक येते. ती दिसली की समजावे, वरचा थर बिघडला, पुन्हा काढावा लागणार. सुटा भाग चाकाच्या खालच्या बाजूला, कड वरून अडकणार नाही असा धरायचा. चाकाने खेचलेला शॅकल दगडासारखा उडतो. तारेची दोरी चाकाखाली कधीच घ्यायची नाही.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात, कारण आता चेहरा दिसू लागलेला असतो. पुढची पायरी मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. बफिंगने चमक येते, पण पृष्ठभागावर वडीचे मेण आणि कधीकधी लोखंडाचे परके कणही राहतात. ते आधी गरम साबणपाण्याने किंवा अ‍ॅसिटोनने काढायचे. मग भाग सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे वाण्याकडे मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या द्रावणात बुडवायचा. उद्योगात पाळल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकात, एएसटीएम ए-९६७ मध्ये, याची रीतच दिली आहे : ४ ते १० टक्के द्रावण, २१ ते ४९ अंश सेल्सिअस तापमान, किमान २० मिनिटे. मुंबईतल्या खोलीचे तापमान त्यात आपोआप बसते. प्लास्टिकची बादली घ्यायची, लोखंडाची नव्हे. आम्ल लोखंडाचे सुटे कण विरघळवते आणि क्रोमियम वर राहते. स्वच्छ धुऊन वाळवले की हवेतला ऑक्सिजन पापुद्रा नव्याने बांधतो. फटीतले लिंबाच्या रसाइतके आंबट पाणी स्टील खाते आणि बादलीतले लिंबूसत्त्व त्याला सावरते, हे विचित्र वाटेल. फरक क्लोराइडचा आणि ऑक्सिजनचा आहे.

शेवटी कार्नोबा मेणाचा पातळ हात. तो काही महिने मीठ चिकटू देत नाही. मोठ्या सामानासाठी कारखान्यात इलेक्ट्रोपॉलिश करून घेता येते. त्यात भाग आम्लात ठेवून वीज सोडतात, वरचा अतिसूक्ष्म थर विरघळतो, उंचवटे आधी जातात आणि पृष्ठभागावर क्रोमियमचे प्रमाण वाढते. वेड्यावाकड्या कोपऱ्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

परत बसवताना दोन गोष्टींकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा फिरवला, विशेषतः ड्रिल मशीनने जोरात, तर आटे एकमेकांत रुतून कायमचे अडकतात. म्हणून आट्यांना लॅनोलिन किंवा अँटी-सीझ लावून हाताने आवळायचे. आणि स्टेनलेसचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीत गेला, तर खाऱ्या पाण्यात दोघांची मिळून बॅटरी होते. तिथे स्टील टिकते, अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत उतरते. मध्ये वॉशर किंवा विशेष पेस्टचा अडसर लागतोच.

काय अजिबात करू नये?

संडास किंवा टाइल्स साफ करायचे द्रव स्टीलवर टाकू नये. त्यांतल्या अनेकांत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते, म्हणजे आम्ल आणि क्लोराइड एकाच बाटलीत. डाग मिनिटात जातो आणि महिन्याभरात दुप्पट होऊन येतो. ब्लीचही तसेच. साध्या लोखंडी तारेच्या घासणीने घासले तर लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच आधी गंजतात. फॅब्रिकेशनच्या दुकानात हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. एकाच ग्राइंडरच्या चाकाने आधी लोखंडी जाळी आणि मग स्टेनलेसचे रेलिंग, किंवा शेजारी लोखंड कापताना उडालेल्या ठिणग्या थेट स्टेनलेसवर. काम देताना ‘स्टेनलेससाठी चाक वेगळे वापरा’ एवढे सांगणे फुकट आहे.

वेल्डचा निळा-काळा डाग काढायला पिकलिंग पेस्ट वापरतात. ती घरी आणू नये. तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असते. ते कातडीतून आत जाते, शरीरातल्या कॅल्शियमला पकडते आणि वेदना बऱ्याचदा उशिरा सुरू होते. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवणारा, प्रशिक्षित माणूसच हवा.

नौका नसलेल्यांना याचा काय उपयोग?

वरळी, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीत समुद्राकडे तोंड केलेल्या घराच्या गॅलरीचे रेलिंग आणि नौकेचा कठडा यांत रसायनशास्त्राला फरक दिसत नाही. चहाचे डाग लाटांपासून साधारण पाच किलोमीटरपर्यंत सर्रास पडतात. रेलिंग नवे करताना ३१६ मागा, आरशासारखा पृष्ठभाग घ्या, रेघांचा घ्यायचाच असेल तर रेघा उभ्या ठेवा म्हणजे पाणी खाली ओघळते. नंतरचा खर्च गोड्या पाण्याच्या बादलीचा आणि मऊ फडक्याचा. पोटाची बाजू पुसायला विसरू नका.

नौकेवर दीर्घ प्रवासात हीच गोष्ट अवघड होते, कारण गोडे पाणी मोजून वापरावे लागते. नौदलाची ‘तारिणी’ ही गोव्यात बांधलेली ५६ फुटी नौका लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात जगाभोवती फिरवून आणली. अशा मोहिमेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन हे थांबे विश्रांतीपेक्षा देखभालीचे असतात. डोलकाठीवर चढून प्रत्येक पिन, प्रत्येक टोक पाहण्याचे काम बंदरातच नीट होते.

पॉलिश सोडून भाग बदलायचा केव्हा?

तणाव्यांच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात, असा रिगिंगच्या व्यवसायातला संकेत आहे. उष्ण प्रदेशात तो अलीकडे आणलेला बरा. वाकलेली पिन, तुटलेली एक तार, चिरलेली नळी, यांवर चर्चा करत बसायचे नसते. चेनप्लेटला मात्र असे ठरलेले वय नाही. ती काढून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि काढणे हे दिवसभराचे काम असते, म्हणून ते पुढे ढकलले जाते. जुनी नौका विकत घेताना ‘सगळे स्टील नुकतेच पॉलिश केले आहे’ असे कुणी अभिमानाने सांगितले, तर चेनप्लेट शेवटची केव्हा बाहेर काढली होती, हा पुढचा प्रश्न विचारावा.

बाहेर काढलेल्या पट्टीची तपासणी कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये होते. तिच्यासाठी लागणाऱ्या तीन स्प्रे बाटल्याही बाजारात मिळतात. पहिल्याने पट्टी स्वच्छ करायची. दुसरीतला लाल रंग फवारून, बाटलीवर दिला असेल तितका वेळ थांबायचे. या काळात रंग चिरांमध्ये शिरतो. वरचा रंग फडक्याने पुसून तिसरीतली पांढरी भुकटी फवारायची. ही तपासणी बफिंगच्या आधी करायची, कारण बफिंगमध्ये धातू पसरून चिरेचे तोंड बुजू शकते. पट्टी चांगली असेल तर ती पांढरीच राहते. चीर असेल तर काही मिनिटांत पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटते, बहुधा बोल्टच्या भोकापासून कडेकडे जाणारी किंवा डेकच्या जाडीत दडलेल्या भागावर आडवी. अशी पट्टी वेल्ड करून वापरू नये. तिचे माप घेऊन नवी करून घ्यावी आणि तिच्या समोरच्या बाजूची जोडीदार पट्टीही त्याच दिवशी खोलावी, कारण ती तितक्याच वर्षांची असते.